पहिली रांग बायांची

"इंग्रजी वाचता येतं का तुमाला, का नुसतंच शिकवलं?"

हा प्रश्न मला माझ्याच दारात, माझ्या बायकोसमोर विचारला गेला. बारामतीच्या एका शाळेत मी अख्खी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घातली. तपासणीवाले साहेब आले, पालक भांडायला आले, पण असं मर्मावर बोट कुणी ठेवलं नव्हतं. विचारणारी बाई साठीच्या पुढची. हिरवं नऊवारी, घट्ट अंबाडा आणि पायात पांढरे पळायचे बूट. माझी नजर बुटांवर गेलेली तिला दिसली. "घुंगरांनी घोटं खाल्लं. डाक्टर म्हनला बूट घाला, घातलं. आता वाचून दावा," म्हणत तिनं मोबाइल माझ्या नाकाशी आणला.

मोबाइलवर एका सिनेमातलं थांबवलेलं चित्र होतं. चहूकडे बर्फ, डोंगरातलं एक चहाचं दुकान, दारात एक बाई, समोर टोपीवाला अधिकारी, आणि खाली बारीक इंग्रजी ओळ. मी चष्मा लावून वाचलं, "रस्ता बंद आहे."

"मंजे तिला जाता येनार न्हाय?"

"नाही."

"मग ऱ्हाती का ती तितंच?"

"मला काय ठाऊक? पुढचं चित्र दाखवा."

"म्होरचं बघायला टेकडीवर यावं लागंल," असं म्हणून तिनं मोबाइल कमरेला खोचला. मागे उभ्या असलेल्या दाढीवाल्या म्हाताऱ्यानं, शेळगावच्या इलाहीचाचांनी, मला समजावल्यासारखं सांगितलं, "मास्तर, न्हाय म्हनू नका. मी बी जन्मभर न्हाय म्हनायचं म्हनतोय, जमलं न्हाय." इलाहीचाचा तिच्या लावणीच्या पार्टीत हयातभर ढोलकीला होते. आता मुलं डाळिंबाची बाग बघतात आणि हे शनिवारी ढोलकी घेऊन टेकडी चढतात.

बाईचं नाव कमळाबाई. सगळे जिजी म्हणत. आणि टेकडी म्हणजे कुठली, हे कळल्यावर माझी बायको सुमती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "कलाकेंद्रावर? या वयात?"

जिजी हसली नाही, चिडलीही नाही. "वैनी, तुमी बी या. तुमच्यासाठी तर पहिली रांग हाय," एवढंच बोलली आणि चहा न घेता निघून गेली.

बारामतीहून इंदापूरला निघालं, शेळगाव मागं टाकलं, की उजव्या हाताला एक टेकडी लागते. खऱ्या डोंगराच्या मुलखातला माणूस तिला बघून पोट धरून हसेल. पण आमच्याकडं नजर जाईल तिथवर ऊसच ऊस, त्यामुळं आम्ही तिला डोंगर म्हणतो आणि कुणी हसलेलं खपवून घेत नाही. त्या डोंगरावर पत्र्याची लांबलचक इमारत आणि दारावर पाटी, 'द्वारकाबाई सांस्कृतिक कलाकेंद्र'. द्वारकाबाई ही जिजीची आई. आधी ती तिथं नाचली, मग जिजी नाचली, मग जिजीनं पार्टी चालवली. लावणी ऐकायला येणारे पुरुष गाड्या खाली रस्त्यावर लावायचे, उपरणं तोंडाला गुंडाळायचे आणि वर जायचे. आणि सकाळी त्याच तोंडानं त्याच जागेला नावं ठेवायचे. ही आमच्याकडची रीतच. पुढं पार्टीतल्या पोरी लग्नं करून, शिकून, पुण्यामुंबईला पांगल्या आणि कलाकेंद्र बंद पडलं. राहिली जिजी आणि पाटी.

मग मुक्ता आली. पुण्याची, स्वतःच्या हिमतीवर छोटे सिनेमे काढणारी. बंद पडलेल्या कलाकेंद्रावर काहीतरी करायचं म्हणून ती आठवडाभर जिजीकडं राहिली, आणि एके दिवशी सहज रंगमंचाच्या भिंतीवर तिनं तिच्या परदेशातल्या मैत्रिणीचा सिनेमा लावला. तो हाच, बर्फातल्या चहावालीचा. मुक्ताच्या या मित्रमैत्रिणी देशोदेशी पसरलेल्या. सगळे पदरमोड करून सिनेमे काढणारे. ना त्यांत ओळखीचे नट, ना गाणी, ना कुणी थेटर देणार. जिजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंजे आमच्यावानीच की. पार्टी उभी करायची आन गाव हुडकत हिंडायचं. सांग त्यास्नी, गाव घावलं म्हनावं."

मुक्तानं एकेकाची परवानगी काढली, जुना प्रोजेक्टर जिजीपाशी ठेवला, आणि दर शनिवारी कलाकेंद्रावर जगभरचे सिनेमे सुरू झाले. दुपारी चार वाजता! खिडक्यांना पार्टीचे जुने मखमली पडदे ठोकून अंधार केलेला. मी म्हटलं, संध्याकाळनंतर ठेवा, पडद्यांची कटकट नको. तर जिजी माझ्यावर उखडली. "आजवर हितं समदं रातचं झालं. आता दिवसाढवळ्या यायचं. काय लपवायचंय?"

तिकीट नव्हतं, पण नियम होते. ते ती माइकवरून दर वेळी सांगायची, आणि सांगताना असा दम भरायची की नव्या माणसानं पाणीच मागितलं नाही पाहिजे. चपला बाहेर, कारण ही नाचायची जागा आहे. फोन वाजला तर फोनवाल्यानं बाहेर जायचं. सिनेमाच्या आधी गण होणार, मग सिनेमा कुठल्याही देशातला असो. आणि पहिली रांग बायांची.

या पहिल्या रांगेवरून काय कमी बोलणी खाल्ली तिनं? कलाकेंद्रात बाई असायची ती रंगमंचावर. समोर कधी नाही. एखाद्या घरंदाज बाईनं त्या पायऱ्या चढणं म्हणजे घराण्याचं नाक कापलं. त्यामुळं सिनेमे सुरू झाले तेव्हा पुरुष आले, इंदापूरचे व्यापारी आले, कॉलेजची पोरं आली, पण पहिली रांग शनिवारामागून शनिवार रिकामी. मागं माणसं भिंतीला टेकून उभी, आणि पुढं स्वच्छ पुसलेल्या खुर्च्या तशाच. कुणी बसायला गेलं की जिजी माइकवरून गरजायची, "ओ पावनं, तुमी बाई हाय का?" पाव्हणा मुकाट्यानं उठायचा.

आता माझं काम. सिनेमा सुरू असताना खाली येणारी इंग्रजी ओळ मी मराठीत वाचायची आणि जिजीनं ती माइकवर त्या त्या माणसाच्या आवाजात बोलायची. म्हातारा, पोरगी, पोलीस, सगळे तीच. मी आधी घरी बसून व्यवस्थित भाषांतर करून न्यायचो, शुद्ध आणि नेटकं. पहिल्याच शनिवारी ठिणगी पडली. सिनेमातली मुलगी वर्षानुवर्षांनी घरी येते, आई चुलीपाशी. मी वाचलं, "तू आलीस याचा मला फार आनंद झाला."

जिजीनं माइकवर हात ठेवला. "सर, कुटली आई म्हनती आसं?"

"तिथं तसं लिहिलंय."

"लिवलं आसंल. तिचा हात बगा की. पळी आपटतीय." आणि तिनं हात काढून माइकवर खडसावलं, "आलीस व्हय? जेवलीस का?"

मागच्या रांगेत एक दांडगा गडी नाक ओढायला लागला. पण मी कसला ऐकतोय! सिनेमा संपल्यावर तिला भाषांतराची शिस्त म्हणजे काय यावर व्याख्यान दिलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "शिस्त तुमी बगा, बाई मी बगते."

पण प्रत्येक वेळी तिचंच खरं नव्हतं, हेही सांगतो, नाहीतर लोक तिचा फोटो भिंतीला लावून उदबत्ती फिरवतील. एका सिनेमात एक नवरा होता, बायकोशी दिवसेंदिवस न बोलणारा. जिजीला तो इतका खटकला की ती त्याच्या गप्प तोंडात आपल्या शिव्या घालायला लागली. लोक खदाखदा हसले. मी कागद खाली ठेवले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. जिजी तशीच मागोमाग आली, कमरेवर हात ठेवून. मी म्हटलं, "तो गप्प आहे म्हणून बायको वाळत चाललीय. तुम्ही त्याला बोलायला लावलंत तर तिचं दुःखच गेलं. त्याला गप्प राहू द्या." मला चार गोष्टी सुनावून ती आत गेली. पुढच्या खेळाला मात्र त्या जागी तिनं माइकवर सांगितलं, "हितं तो गप हाय. सर म्हनत्यात गप ऱ्हाऊ द्या. समद्यांनी गप बसा." आणि सगळे खरोखर गप्प बसले. नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, ते वेगळं.

लोकांच्या अंगवळणी पडेपर्यंत गमती व्हायच्या. एकदा सोलापूरकडचे ट्रकवाले पाटी वाचून वर आले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की इथलं नाचणं थांबून जमाना झाला. ऐटीत बसले, दाद द्यायच्या तयारीत. इलाहीचाचांची ढोलकी कडाडली, जिजीनं गण म्हटला, पाव्हणे खूश झाले, आणि मग दिवे जाऊन भिंतीवर एक धनगर म्हातारा आला. परमुलखातला धनगर, वारा आणि मेंढरं. बराच वेळ म्हातारा नुसता चालतोय. मी मनात म्हटलं, आता खुर्च्या मोडतात. मेंढरांचा कळप एका अरुंद लाकडी पुलावरून एकामागून एक जातो, एक कोकरू मागं राहतं आणि म्हातारा परत येऊन त्याला उचलतो. तेवढ्यात मागून आरोळी आली, "वन्स मोअर!"

मुक्ता त्या दिवशी हजर होती, तिनं कपाळाला हात लावला. सिनेमा असा मागं घेतात का? पण जिजीचा चेहरा फुलला. "फर्माईस आलीय," ती म्हणाली. "मागं घ्या." कोकरू पुन्हा मागं राहिलं, म्हाताऱ्यानं पुन्हा उचललं, आणि ट्रकवाल्यांनी टाळ्यांनी पत्रा हलवला. तेव्हापासून फर्माईश हा पाचवा नियम झाला. मुक्तानं त्या सिनेमावाल्याला भीतभीत कळवलं, तर त्यानं उलट विचारलं म्हणे, कुठला तुकडा मागितला?

मला स्वतःला जास्त जड गेलं ते एसटीतून उतरणं. टेकडीच्या पायथ्याला कंडक्टर मुद्दाम ठणकावून सांगायचा, "कलाकेंद्र! कलाकेंद्रवाले उतरा!" अख्खी गाडी वळून बघायची. बायका पदर पुढं ओढायच्या. त्यात माझे जुने विद्यार्थी असायचे, कुणाकुणाच्या सासूबाई असायच्या. मी छत्री सावरत उतरायचो आणि उतरताना मनात कंडक्टरला नापास करायचो. जिजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सर, तुमाला आटवड्यातनं एकदा आइकायला लागतंय. माज्या आयनं जलमभर आइकलं. उतरा छाती काडून."

टेकडीखालचं गाव लहान. तिथं पान हललं तरी तात्यांना आधी कळवावं लागतं. ऊस त्यांचा, शब्द त्यांचा, आणि टेकडीवर जाणारी वाटही त्यांच्या रानातून. माणूस वाईट म्हणवत नाही. अडल्यानडल्याला धावून जाणारा. आणि तरुणपणी कलाकेंद्राचा पक्का गिऱ्हाईक, हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक, पण बोलायचं कुणी नाही. तात्या एका शनिवारी वर आले. मी तिथंच होतो. रिकाम्या पहिल्या रांगेकडं बघत ते म्हणाले, "जिजी, काम चांगलं हाय तुमचं. आमाला बी वाटतं, बायापोरींनी बघावं. पाटी तेवडी उतरवा. 'सांस्कृतिक भवन' लिवा. म्होरच्या शनवारी अख्खं गाव बायकांसकट वर आनतो."

खरं सांगतो, मला ते पटलं. मुक्ताला फोन केला, तिलाही पटलं. एक पाटी तर बदलायची! इलाहीचाचा तेवढे ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसले. जिजीनं तात्यांना चहा पाजला, आणि मग सांगितलं, "तात्या, पाटीवर माझ्या आयचं नाव हाय. तिच्या पायांवर मी वाढले. चांगल्या घरच्या बाया याव्यात म्हनून आयला पुसू? आन मग आलेल्या बायांना काय दावू? परदेशातल्या बाया किती धीराच्या, ते? न्हाय जमायचं. यायचं त्यांनी पाटी वाचून यावं."

"न्हाय आल्या तर?"

"तर रांग मोकळी ऱ्हाईल. मी मेल्यावर बी मोकळी ठिवायला सांगून जाईन."

तात्यांचा अपमान झाला. त्यांना असल्या उत्तराची सवय नव्हती. जाताना पायरीवरून म्हणाले, "वाट माझ्या रानातनं हाय, जिजी."

पुढच्या शनिवारी मी, इलाहीचाचा आणि इंदापूरची दहापाच माणसं पायथ्याला पोचलो, तर वाटेवर बाभळीच्या काट्यांचा हा ढीग. पुरुषभर उंच. तात्या पलीकडं बांधावर खुर्ची टाकून बसलेले. "वाट बंद हाय," ते म्हणाले. भांडायला गेलो तर कायदा त्यांच्या बाजूनं, रान त्यांचं. इंदापूरवाले माघारी वळायच्या गोष्टी करू लागले. वर टेकडीवर जिजी एकटी, दारात उभी, हिरवं लुगडं आणि पांढरे बूट खालूनही दिसत होते. मी हातानंच खूण केली, की आज राहू द्या.

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. मला त्या क्षणी तात्यांची चीड आली, आणि माझीही चीड आली, कारण मी तिथं उभं राहण्यापलीकडं काही करत नव्हतो.

मग छपरावरचा कर्णा खरखरला. तिनं कर्ण्याचं तोंड गावाकडं फिरवलं होतं. ढोलकी खाली आमच्यापाशी, त्यामुळं तिनं गण नुसत्या टाळीवर म्हटला. गावातली कुत्रीसुद्धा गप्प झाली. मग ती बोलायला लागली. "ऐका गं बायांनो. वर यायची वाट बंद केलीय, म्हनून शिनेमा मीच खाली धाडते." आणि तिनं बर्फातल्या चहावालीची गोष्ट सुरू केली. तिला तो सिनेमा मुखपाठ होता. चहावाली ती, टोपीवाला अधिकारी ती, वारा ती. चहावालीची लेक घाटापलीकडच्या गावात बाळंत व्हायची आहे, आणि निरोप आलाय, आणि वर्षानुवर्षं ही बाई ते दुकान सोडून कुठं गेलेली नाही. इकडं गावात दळणाची गिरणी थांबली. दारं उघडली. बाया उंबऱ्यावर, ओट्यावर येऊन उभ्या. कुणाच्या हातात पीठ, कुणाच्या कडेवर मूल. कर्ण्यातून सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. लेकीचा निरोप वाचून चहावाली किटली खाली ठेवते, चादर पांघरते, दाराबाहेर येते.

"आन तो टोपीवाला सायेब तिला म्हनला," कर्ण्यातून जिजीचा आवाज जड झाला, "रस्ता बंद हाय."

आणि ती थांबली.

आम्ही वाट बघत राहिलो. तात्यासुद्धा मान वर करून बसलेले. मग कर्णा पुन्हा बोलला, अगदी शांतपणे, "म्होरचं बघायला वर यावं लागंल." खट्ट! बंद.

हेच वाक्य तिनं मला माझ्या दारात टाकलं होतं.

पहिल्यांदा आल्या त्या पारूकाकी. तात्यांच्या बायको. हातात बेळकं, म्हणजे काटे ओढायची दुबेळकी लाकडी काठी. मी त्यांना त्याआधी कधी घराबाहेर मान वर करून चालताना पाहिलं नव्हतं. त्या आल्या त्या थेट ढिगापाशी, बेळकं खुपसलं आणि पहिली फांदी ओढून बांधाला टाकली.

"पारू," तात्या म्हणाले, "घरात जा."

"जाते की. वरनं आल्यावर."

"लोक बघत्यात."

"बघू द्या. तुमी जवानीत ह्याच वाटंनं वर जात व्हता. तवा लोक बघत नव्हतं का?" पारूकाकींनी दुसरी फांदी ओढली. आवाज चढलेला नव्हता, बाजारातला भाव सांगावा तशा बोलत होत्या. "त्या पाटीखालनं इतकी वर्सं जाऊन तुमचं कायबी बिघडलं न्हाय. माझं एका दिवसात काय बिघडतंय? आन त्या बाईच्या लेकीचं काय झालं, त्ये मला बघायचंय."

तात्या खुर्चीतून उठून उभे राहिले. तोवर पारूकाकींच्या मागं त्यांची सून आली, मग शेजारची, मग पीठ भरल्या हातांची. इलाहीचाचांनी ढोलकी माझ्या गळ्यात अडकवली आणि बायांना काटे ओढू लागायला गेले. मीही गेलो, गळ्यात ढोलकी घेऊन. कसा दिसलो असेन देव जाणे!

टेकडी चढून दारापाशी आल्यावर पारूकाकी थांबल्या. पाटीकडं बघून त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं, ओठ हलवत. मग डोक्यावरचा पदर नीट केला, पुढं न ओढता, आणि आत गेल्या. जिजी आत माइकपाशी उभी. मला वाटलं आता ती काहीतरी मोठं बोलेल. कसलं काय! तिचा पहिला शब्द होता, "चपला भाईर काडा."

बाया बाहेर जाऊन चपला काढून आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. जिजीनं एकदा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि पडद्यामागं निघून गेली. गणाची ढोलकी सुरू झाली. इलाहीचाचा वाजवत राहिले, वाजवत राहिले, माणसं चुळबुळायला लागली तरी हा भला माणूस थांबेना. एवढा लांबलेला गण मी कधी ऐकला नाही. ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि आवाज नेहमीसारखा कडक होता.

सिनेमात चहावाली त्या अधिकाऱ्याला काही उत्तर देत नाही. आत जाते, फावडं घेऊन येते आणि स्वतःच्या दारापासून बर्फ उपसायला लागते. तेवढ्या जागी जिजीला बोलायला काही नव्हतं. पहिल्या रांगेतून पारूकाकींचा आवाज आला, "उपस बाई, उपस."

पुढच्या शनिवारी माझी सुमती न सांगता साडी बदलून तयार बसली होती. मी छत्री उचलली आणि आम्ही दोघं एसटीला निघालो. हळूहळू पहिली रांग पुरेना, मग दुसरी बायांची झाली, तिसरी झाली, पुरुष मागं मागं सरकत पत्र्याला लागले. उन्हाळ्यानंतर एकदा तात्या आले. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसले. जिजीनं त्यांना माइकवरून हेरलंच. "तात्या आलंत. या. फर्माईस सांगा आज." सगळं सभागृह हसलं, पारूकाकी सगळ्यात मोठ्यानं. तात्यांनीही हसून घेतलं. दुसरं करणार काय?

पाटी तशीच होती.

मग जिजीचा घसा बसायला लागला. आधी तिनं मिठाच्या गुळण्या केल्या, मग माझ्यावर खेकसली, मग बारामतीच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिनं आम्हाला एका शनिवारी खेळ संपल्यावर सांगितलं, इतक्या बारीक आवाजात की पुढं वाकावं लागलं. "नरडं धरलंय. धरू दे. खेळ बंद करायचा न्हाय." मला रडू आलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की ते तिथंच थांबलं.

शेवटशेवटच्या शनिवारी तिचा आवाज पुरता गेलेला. मी कागद घेऊन बसलो, म्हटलं आज मीच वाचतो, जमेल तसं. मी पहिली ओळ वाचली आणि माइक माझ्या हातातून पारूकाकींनी घेतला. म्हातारी त्यांनी धरली, मुलगी त्यांच्या सुनेनं, पोलीस झाली पीठ भरल्या हातांची, आणि ती पोलीस अशी झाली की खरा पोलीस सलाम ठोकेल. पहिली रांग मी वाचलेल्या ओळी आपापल्या तोंडानं बोलत होती. त्या दिवशी जिजीला मी पहिल्यांदा खुर्चीत बसून सिनेमा बघताना पाहिलं. पहिल्या रांगेत, टोकाला. एका जागी तिनं हात वर करून बोट मागं फिरवलं. फर्माईश. आम्ही तो तुकडा मागं घेतला.

त्यानंतरच्या शनिवारी तिला बारामतीला दवाखान्यात ठेवायला नेलं, आणि तिथून ती परत आली नाही. इलाहीचाचांचा मुलगा जीप चालवत होता, मागं ती आणि चाचा, पुढं मी. टेकडी उतरून रस्त्याला लागलो तशी तिनं माझ्या खांद्यावर थाप मारून जीप थांबवायला लावली.

वर पाटीला शिडी लागली होती. उन्हापावसानं अक्षरं उडाली म्हणून बायांनी रंगारी बोलावला होता. शिडी पारूकाकींनी धरलेली, रंगाचा डबा सुनेकडं. आम्ही थांबलेलं बघून पारूकाकी वरूनच ओरडल्या, "जिजी, खाली तुमचं बी नाव लिवू का?"

जिजीनं मानेनं नाही म्हटलं. मग काच खाली केली, दोन्ही हात बाहेर काढले आणि लांबवर पसरले. पारूकाकींना कळेना. "काय?" जिजीनं पुन्हा हात पसरले, आणखी लांब, खांदे दुखेपर्यंत, आणि मग रस्त्याकडं बोट केलं.

"मोटं!" इलाहीचाचा तिच्या वतीनं ओरडले. "अक्षर मोटं काडा! रस्त्यावरनं वाचाय आलं पायजे!"

तेवढ्यात बारामतीची एसटी येऊन आमच्यापुढं थांबली. कंडक्टरनं दार उघडलं आणि आरोळी दिली, "कलाकेंद्र! कलाकेंद्रवाले उतरा!" गाडीतल्या बाया उठल्या. एकामागून एक उतरल्या, पिशव्या घेऊन, पदर खांद्यावर, मोठमोठ्यानं बोलत, कारण चार वाजत आले होते आणि जागा धरायची होती. जिजी काचेतून बघत होती. शेवटची बाई उतरून वाटेला लागली तसं तिनं दारावर दोनदा थाप मारली, चला म्हणून.